रोवणा लक्ष्मीचा, सात-बारा कोणाचा?
(गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



धानाच्या जाती व खते यांवर आपण नेहमीच बोलतो. आज धान पिकविणाऱ्या बाईबद्दल बोलू.

आपल्याकडे चिखलणी पुरुषांची, तर पऱ्हे काढणे, रोवणा, निंदण ही कामे बायांची. दिवसभर बांधीच्या पाण्यात वाकून राहायचे, घरी येऊन स्वयंपाक करायचा आणि सर्वांचे झाल्यावर उरेल ते खायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. रोवण्याच्या दिवसांत घरातील बाईने सर्वांबरोबर जेवायला बसावे, यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

गोंदिया जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सात-बारा उघडला की चित्र बदलते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील खातेदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या.

नावाने काय फरक पडतो, असे काहीजण विचारतात. घरधनी असेपर्यंत फारसा कळत नाही. तो गेला की सोसायटीचे कर्ज, पीकविमा, आधारभूत केंद्रावरील धानविक्री, सगळीकडे सात-बारा मागतात. तोपर्यंत वारस नोंद झाली नसेल, तर तिला दिराच्या तोंडाकडे पाहावे लागते. राबणूक तिची आणि चुकारा दुसऱ्याच्या खात्यात! जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडले की, गरीब देशांतील शेतकरी स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतातील उत्पादन २० ते ३० टक्के वाढू शकते. म्हणजे हा प्रश्न बाईपुरता नाही, कोठारातील धानाचाही आहे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. पुढे श्री. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम हाती घेतला आणि अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. कायदाही पुढे सरकला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती उणीव भरून काढली. देवरी, सालेकसा भागातील आदिवासी बांधवांना हा कायदा थेट लागू नाही. तथापि, छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही, तर तिला हक्क नाकारता येत नाही.

भाऊ नाराज होईल म्हणून बहिणी हक्कसोड करून देतात. माहेर तुटण्याची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, एवढे तरी प्रत्येक बहिणीने करावे.

घरात मृत्यू झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारसांची माहिती द्यावी. पत्नी, मुलगे, मुली व मृताची आई, सर्वांची नावे अर्जात घालावीत. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सात-बारा काढून नावे बरोबर आहेत का ते पाहावे. हे काम उन्हाळ्यातच उरकावे, कारण एकदा पऱ्हे टाकले की तहसीलला जायला कोणालाच सवड नसते.