नाथांचा रांजण आणि गळकी तोटी



पैठणला जाऊन आलेले किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. मग नाथांच्या वाड्यातला रांजण पाहिलाच असेल. भगवंत श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी राहिला आणि १२ वर्षं गोदावरीवरून कावडीनं पाणी आणून त्यानं तो रांजण भरला, ही कथा तुम्ही माझ्या आधी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाला शोधत पैठणला आला, तेव्हा कुठे कळलं की आपल्या घरी पाणी कोण भरत होतं. नाथषष्ठीला आजही तो रांजण भरतात.

आता मला सांगा, त्या रांजणाला केसाएवढी चीर असती तर? वरून देव ओततोय, खालून चीर गाळतेय. देवाच्या खांद्याला घट्टे, आणि सकाळी रांजण अर्धा! नाथांच्या घरी हे चाललं नसतं. गिरिजाबाईंनी पहिल्याच दिवशी जमिनीवरची ओल पाहिली असती. ज्या घरात पाणी खांद्यावरून येतं, त्या घरात गळती लगेच दिसते. आपल्याकडे पाणी नळानं येतं. तोटी फिरवली की आलं. म्हणून ते टपटपतं आणि आपण कूस बदलून झोपतो. विठ्ठल विठ्ठल!

कोणी म्हणेल, महाराज आज प्लंबर झाले. होऊ द्या.

गळक्या तोटीखाली एक पेला ठेवा आणि घड्याळ बघा. २०० मिलिलीटरचा पेला पाव तासात भरला, तर तासाला ४ पेले, दिवसाला ९६. म्हणजे १९ लिटर. मोठा हंडा भरून वर उरेल एवढं. वर्षाचं होतं ७ हजार लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आठवतं ना? पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. अशा गळक्या तोटीची ७२ घरं घ्या, वर्षात ती आख्खी गाडी मोरीतून वाहून गेली. आणि आपण वारीत दिंडीच्या टँकरपुढे कळशी घेऊन रांग लावणारी माणसं!

बरं, पाण्याचं एक सोडा. घराचं काय होतं, ते ऐका.

एका गावची गोष्ट आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण दोघेही भाऊ माळकरी आहेत आणि कदाचित इथे बसलेही असतील. वाडा एक, मधे भिंत. थोरल्याच्या बाजूला मोरी, धाकट्याच्या बाजूला देवघर. मोरीच्या भिंतीतला लोखंडी पाइप सांध्याला गंजला आणि झिरपायला लागला. पहिल्या वर्षी देवघराच्या भिंतीवर तळहाताएवढा डाग. धाकटा म्हणाला, “दादा, तुमच्या मोरीचं पाणी येतंय.” दादा म्हणाला, “पावसाची ओल असेल.” धाकट्यानं डागावर रंग मारला. दुसऱ्या वर्षी रंगाचे पोपडे उडाले, भिंतीला लोणा लागला. पुन्हा रंग! मग बोलणं कमी झालं. मग जावा-जावांचं बंद झालं. मग वाटणीची भाषा निघाली, मोजणीवाले आले, भिंत कोणाची यावर दोन वर्षं गेली. पाइप मात्र ठिबकतच होता, त्याला कोर्टाची तारीख ठाऊक नाही.

त्या भिंतीत कोनाडा होता. कोनाड्यात वडिलांची ज्ञानेश्वरी, फडक्यात बांधलेली. म्हातारा रोज पहाटे ती उघडून वाचायचा. तो गेल्यावर दोघांनीही तिला नमस्कार केला, उघडली कोणी नाही. एका एकादशीला धाकट्याच्या मुलीनं फडकं सोडलं. पानं एकमेकांना चिकटलेली, मागच्या बाजूनं वाळवीनं पार पोखरलेली. ओल असली की वाळवी येणारच. मुलगी रडत काकाकडे गेली, काही न बोलता ती पोथी तिनं त्याच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. भिंत फोडली, गंजका तुकडा काढला, नवा बसवला. एका दुपारचं काम! आता भाऊ बोलतात, जेवायला एकत्र बसतात. पोथी गेली ती गेली. समासात वडिलांच्या हातच्या खुणा होत्या हो!

लोखंडाचंही तसंच. स्लॅबमधल्या सळीपर्यंत ओल गेली की सळी गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की सिमेंट ढकलून पाडते. आपण म्हणतो, बांधणाऱ्यानं वाईट बांधलं. कधी खरंच वाईट बांधलेलं असतं. पण वरच्या टाकीचा बॉलकॉक पाच वर्षं गळत होता, हे कोण सांगणार? ओल्या भिंतीतला विजेचा बोर्ड तर लेकरांच्या जिवावर बेततो. आणि तोटीला चिंधी बांधून खाली बादली ठेवणारे हुशार आहेतच. त्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून तर आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात.

आता नीट लक्ष द्या, इथेच खरी मेख आहे. छिद्रातून पाणी फक्त बाहेर जातं, असं आपल्याला वाटतं. कित्येक गावांत नळाला चार दिवसांनी पाणी येतं. घरात येणारा पाइप गटाराच्या कडेनं, कधी गटारातूनच येतो. पाणी चालू असतं तेव्हा दाब असतो, छिद्रातून चांगलं पाणी बाहेर उडतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच छिद्रातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांनी नळ आला की पहिली धार आपल्या माठात! मग कावीळ, मग गॅस्ट्रो, मग लेकराला सलाईन. रस्त्यावर बारीक कारंजं उडत होतं तेव्हा आपण पाय वाचवून पुढे गेलो होतो.

मनाचं याहून वेगळं आहे का, माउली? नाम चालू आहे तोवर दाब आहे. वारीचे दिवस, सप्ताहाचे दिवस, काही शिरत नाही. घरी गेलो, माळ खुंटीला लागली, पाइप रिकामा झाला. मग राग कुठून शिरला, शेजाऱ्याचा मत्सर कुठून शिरला, म्हणून आपण विचारतो. छिद्र जुनंच होतं. भरलेल्या दिवसांत बुजवायचं राहून गेलं. बोला, विठ्ठल विठ्ठल!

उद्या काला झाला की सगळे घरी जाल. रात्री निजताना सगळ्या तोट्या बंद करा आणि टाकीतलं पाणी काठीनं मोजा. सकाळी कोणी तोटी उघडायच्या आत पुन्हा मोजा. कमी झालं असेल तर कुठेतरी गळतंय. ज्यांच्याकडे फ्लशची टाकी आहे, त्यांनी तिच्यात जिलबीचा रंग टाकावा आणि पाव तास कोणाला आत जाऊ देऊ नये. खाली भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. तोटीचा वायसर हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशात मिळतो. बदलता येत नसेल तर पोराला शिकवा, पोरीला शिकवा. आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर डाग दिसला, तर तो सांगायला येईपर्यंत थांबू नका, आपण होऊन जा.

ज्ञानोबा माउली तुकाराम!