रस्ता मोठा होईल तेव्हा
(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं आठवणी सांगायला सांगितलंय. आठवणी पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षी टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणारे आपण, गच्चीवरची कोजागरी, चैत्रात गेटजवळ मांडलेली पाणपोई. पण त्या आठवणी बाकीचे वक्ते माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. मी आज जरा रुक्ष विषय घेणार आहे. मंडळी, रागावू नका. पंचविशीला आलेल्या मुलाला घरातला म्हातारा चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, तसंच हे समजा.

विषय आहे आपल्या गेटसमोरचा रस्ता.

आपण राहायला आलो तेव्हा या रस्त्यावरून एस.टी. गेली की मुलं टाटा करायची. आता रविवारी सापुताऱ्याला जाणाऱ्या गाड्या, हंगामात द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या पिकअप, चैत्रात आणि नवरात्रात गडावर जाणारी गर्दी. खान्देशातून पायी येणारे भाविक उन्हात डांबरावरून चालतात आणि शेजारून ट्रक जातो, तेव्हा आपलाच जीव खालीवर होतो. रुग्णवाहिका अडकलेली आपण सगळ्यांनी पाहिलीय. म्हणून आधीच सांगतो, मी रस्त्याच्या विरोधात नाही. असा रस्ता आज ना उद्या रुंद होणारच, आणि व्हायलाच हवा. प्रश्न एवढाच आहे, की त्या दिवशी आपण तयार असू का?

माझी धाकटी बहीण एका मोठ्या शहरात राहते. तिच्या सोसायटीसमोरची गल्ली सहा मीटरची. ती नऊ मीटर करायचं ठरलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. दीड मीटर म्हणजे किती हो? पाच फूट. ऐकायला काहीच नाही. पण तिच्या प्लॉटची रस्त्याकडची बाजू तीस मीटर. तीस गुणिले दीड, पंचेचाळीस चौरस मीटर. शाळकरी मुलांनी करून बघा. एक लहान फ्लॅटच झाला की तो! भिंत गेली, दोन गुलमोहर गेले, चार गाड्यांची जागा गेली. तळमजल्यावरच्या आजींची खिडकी थेट पदपथावर आली. आजी म्हणायच्या, "आता मी दिवसासुद्धा पडदा ओढूनच बसते गं."

हरकत घ्यायची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली होती. कोणी वाचली नाही. मुदत तीस दिवसांची होती. सोसायटीचं पत्र गेलं चौतिसाव्या दिवशी. आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. मोबदल्याचा विषय निघाला तेव्हा कळलं, की जमीन सोसायटीच्या नावावरच नाही! कागदोपत्री अजून मूळ जमीनमालकांचे वारस. भिंत सोसायटीची पडली आणि मोबदल्यावर हक्क सांगायला आले वारस. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं.

अशी वेळ किती जणांवर येऊ शकते ते पाहायचं असेल तर पुण्याचं उदाहरण घ्या. 2020 साली, टाळेबंदीच्या काळात, पुणे महापालिकेत तीनशेहून अधिक रस्ते सहा मीटरचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. महापालिका कायद्याच्या कलम 210 मध्ये रस्त्याची 'नियमित रेषा' ठरवायचा अधिकार आहे, त्याखाली. कारणही होतं. तेव्हा नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नव्हता, त्यामुळे गल्लीतल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडत होता. मग विरोधकांनी विचारलं, हेच रस्ते का? सगळे का नाहीत? फायदा नक्की कोणाचा? मला दोन्ही बाजू पटतात. गळक्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला पुनर्विकास हवा असतो. तळमजल्यावरच्या आजींना खिडकी हवी असते. दोघंही एकाच सोसायटीचे सभासद.

आता तुम्ही म्हणाल, काका, वणीत कुठे महापालिका? इथे ग्रामपंचायत आहे. पुण्याचं पुण्यात. खरंय. आपल्याकडे कायद्याचा रस्ता वेगळा, पण मुदती इथेही असतात, आणि कधी कधी त्याहून कमी. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल, तर 1956 च्या कायद्याप्रमाणे अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त एकवीस दिवस. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली तर साठ दिवस. आणि प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली, तर तीस दिवस. एकवीस दिवसांत आपली साधी कमिटीची मीटिंग तरी होते का? मागच्या वेळी पाण्याच्या मोटारीवरच आपण तीन मीटिंगा घेतल्या होत्या!

आणखी एक गोष्ट. मोजणीदार दारात येतो तेव्हा आपल्याला वाटतं, आता सुरुवात झाली. तसं नसतं. रेषा त्याच्या कितीतरी आधी कागदावर मारलेली असते. तो फक्त ती जमिनीवर उतरवायला येतो. बोलायचं असेल तर ते रेष कागदावर असतानाच. नाशकात रुंदीकरण झाल्यावर काही रस्त्यांच्या अगदी मध्ये झाडं उभी राहिलेली आपण पाहिली आहेत. रस्ता रुंद झाला, पण झाडाचं काय करायचं ते आधी नीट ठरलं नव्हतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारा त्याची भीती.

आता कान धरायची वेळ. माझाच.

या समारंभाच्या तयारीत जुनी फाइल चाळताना सहज मनात आलं, म्हणून गेल्या महिन्यात आपल्या जमिनीचा सातबारा काढला. त्यावर आपल्या सोसायटीचं नाव नाही. पंचवीस वर्षं झाली, अजून मूळ मालकांचीच नावं आहेत. त्यातले दोघं तर आज हयातही नाहीत. आपण फ्लॅटचे पैसे दिले, करारनामे नोंदवले, मेंटेनन्स भरतो, गणपती बसवतो. पण पायाखालची जमीन कागदावर आपली नाही. आणि मी सहा वर्षं या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दर वार्षिक सभेत 'अभिहस्तांतरण' हा विषय यायचा आणि दर वर्षी मीच म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघू." खर्च नको, वाद नको, म्हणून. याची आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

अजून उशीर झालेला नाही. मूळ मालक किंवा बिल्डर सही करत नसेल, तरी मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे. 1963 च्या मोफा कायद्यात 2008 साली दुरुस्ती होऊन ती आली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. करारनामे, मंजूर नकाशा, सभासदांची यादी, सातबारा हे सगळं जोडायचं. आदेश झाला की दस्त नोंदवायचा आणि फेरफार करून घ्यायचा. प्रत्येकाने आपल्या कपाटातला करारनामा शोधून त्याची झेरॉक्स कमिटीला दिली, तर अर्ध काम इथेच झालं. वहिनींनो, हे काम तुमच्याकडे देतो. कागद कुठल्या पिशवीत ठेवलाय ते तुम्हालाच माहीत असतं!

त्याबरोबर हद्दीची सरकारी मोजणी करून घेऊ. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या व वर्तमानपत्रातल्या नोटिसा वाचायला दोन तरुण सभासद नेमू. ग्रामसभेलाही आपल्यातलं कोणीतरी जायला हवं. तिथे आपण गेलो नाही, तर आपल्या वतीने कोण बोलणार?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या दोन इमारती. 'अ' रस्त्यावर, 'ब' मागे. रस्ता रुंद झाला तर भिंत, पार्किंग आणि गेटजवळचा कडुनिंब जाणार ते 'अ' समोरचं. 'ब'च्या घरांना मात्र रस्ता आयताच मोठा मिळणार, किंमतही वाढणार. मी 'ब'मध्ये राहतो, म्हणून मीच बोलतो. जे जाईल ते सगळ्यांचं गेलं असं धरायचं, आणि जो मोबदला येईल तोही सगळ्यांचा. 'अ'वाल्यांच्या गाड्या आमच्या बाजूला लागतील. तळमजल्याला आडोसा करायचा खर्च सोसायटी करील. हे आजच, कुणाचं काही गेलेलं नसताना, ठराव करून लिहून ठेवू. नोटीस आल्यावर ठरवायला बसलो, तर 'अ' आणि 'ब' अशा दोन सोसायट्या होतील. बहिणीकडे मी ते पाहिलंय. लोक जिन्यात एकमेकांना नमस्कार करेनासे झाले.

रस्ता रुंद झाल्यावरही चैत्रात भाविक येतीलच. आपली पाणपोई पाच फूट मागे घ्यावी लागेल, इतकंच. पण तेव्हा तिच्यामागे 'अ' आणि 'ब' दोन्हींची माणसं तांब्या घेऊन उभी असावीत, एवढी आई सप्तशृंगीच्या चरणी प्रार्थना करतो.

पाच मिनिटांची पंधरा झाली. अध्यक्ष घड्याळ बघतायत. थांबतो. पुढची सभा याच विषयावर बोलवा, एवढं मागून आपली रजा घेतो.