सेल्फ फिरतो, मग गाडी का पकडत नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत आज गाडीचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. कारण साधे आहे. आपल्या कोरडवाहू गावांत ज्या चार-दोन चारचाकी असतात, त्यांत एखादी जुनी मारुती ओम्नी हमखास असते. बाजाराला माल तीच नेते, पेंडीची पोती तीच आणते, बाळंतिणीला दवाखान्यात तीच पोचवते. ही गाडी 1984 साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, 1988 पासून तिला ओम्नी नाव मिळाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे गावात आज जी ओम्नी उभी आहे ती जुनीच आहे, आणि ऐन वेळी ती रुसणारच.

ती रुसली की काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. किल्ली फिरवली, सेल्फ कुरकुर फिरतो, इंजिन काही पकडत नाही. चार माणसे जमतात. एक म्हणतो प्लग गेले, दुसरा म्हणतो बॅटरी गेली, तिसरा म्हणतो कार्ब्युरेटर खोला. मग दहा जण मिळून धक्का मारतात. धक्क्याने दमछाक होते, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो तेव्हा एकाचे दोन बिघाड झालेले असतात. आमच्या भागातल्या एका गाडीला आधी नवी बॅटरी बसली, मग नवे प्लग बसले, मग कार्ब्युरेटर उतरवून धुतला. शेवटी सापडले काय? कॉइलकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली होती. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

शेतात आपण असे करतो का? ज्वारीचा पोंगा वाळला की जाणता शेतकरी आधी तो पोंगा ओढून पाहतो. सहज उपटून आला आणि कुजका वास आला, तर खोडमाशीची पोंगेमर. कपाशीची पाने लाल पडली की पाने उलटून तुडतुडे आहेत का ते बघतो. तुडतुडे नसतील तर अन्नद्रव्याची कमतरता किंवा पाण्याचा ताण शोधायचा; तिथे कीटकनाशक मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे. आधी निदान, मग खर्च. गाडीलाही हाच नियम लावायचा आहे.

पेट्रोल इंजिनाला चालू व्हायला तीन गोष्टी लागतात : हवेत मिसळलेले पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. सेल्फचे काम फक्त इंजिन फिरवण्याचे. धक्काही तेवढेच करतो. म्हणून सेल्फ जोरात फिरत असेल तर धक्का मारून काहीच साधत नाही. बॅटरी अशक्त असेल, सेल्फ रेंगाळत असेल, तरच धक्क्याचा उपयोग. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी दहा माणसांचा घाम वाचेल.

आता क्रम सांगतो. घरात रोगी असेल तर या क्रमाच्याही आधी 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. फोन झाल्यावर गाडीची सीट उचला.

पहिले काम कानाचे. सेल्फ रेंगाळतो का? तर बॅटरीचे टर्मिनल साफ करून घट्ट करा. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो, जणू इंजिनात काही अडतच नाही? तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्या. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढा आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरला पाहिजे. तो जागचा हलला नाही तर बेल्ट गेला असे समजा. तिथेच थांबा, सेल्फ मारणे बंद करा आणि गाडी ओढून न्या. सेल्फ कधीही सलग पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी.

दुसरे काम डोळ्यांचे. टाकीत पेट्रोल खरेच आहे का? जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो. गॅसवर चालणारी गाडी असेल तर गॅस-पेट्रोलचे बटण पाहा. ते मधल्या जागी राहिले तर दोन्ही वाटा बंद होतात आणि माणूस उगाच इंजिन खोलत बसतो. फ्यूज पाहा. वायरी उंदराने कुरतडल्या आहेत का ते पाहा.

तिसरे काम नाकाचे. पेट्रोलचा उग्र वास येतो का? बऱ्याच वेळा चोक ओढून सेल्फ मारला की इंजिन पेट्रोल पिऊन बसते. कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी चोक पूर्ण बंद करा, थोडा वेळ थांबा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. आत हवा जाते, जादा पेट्रोल निघून जाते.

चौथे काम ठिणगीचे. जवळ एक जादा प्लग ठेवा. इंजिनातला प्लग जागीच राहू द्या. त्याची वायर काढून जादा प्लगला लावा आणि त्या प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. उघड्या हाताने धरू नका, झटका जबर असतो. रबरी मुठीची पक्कड वापरा. आसपास पेट्रोल सांडलेले नको. आता सेल्फ मारा. निळी, कडक आवाजाची ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. पिवळी, मरगळलेली पडली किंवा पडलीच नाही, तर बिघाड करंटच्या वाटेवर आहे.

मग ओढ्याच्या उगमाकडे चालावे तसे मागे मागे चला. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून तिच्यावर हीच परीक्षा करा. तिथे ठिणगी चांगली आणि प्लगला नाही, तर दोष झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत. पावसाळ्यात झाकणात ओल धरते. नुसते कोरड्या फडक्याने पुसून गाडी चालू झाल्याची उदाहरणे आहेत. कॉइललाही ठिणगी नाही, तर किल्ली चालू ठेवून कॉइलच्या येणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला नाही तर किल्ली, फ्यूज किंवा वायर. दिवा लागला तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंटवर काजळी धरली असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करता येते.

पाचवे काम पेट्रोलचे. ठिणगी कडक आहे, मग एक प्लग काढून पाहा. सेल्फ मारूनही तो कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल आत पोचत नाही. फिल्टर तुंबलेला, पाइप चिरलेला किंवा पंपाचा पडदा फाटलेला असतो. हे सगळे ठीक असेल तर कार्ब्युरेटरचा जेट कचऱ्याने बसलेला असतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल ओल शोषते आणि जुन्या रबराला सोसत नाही. गाडी महिना महिना उभी राहत असेल तर थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. मग कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही, आधी टाकी रिकामी करा.

नंतरच्या एमपीएफआय ओम्नीत कार्ब्युरेटर नाही. किल्ली चालू केल्यावर टाकीकडून दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहा. सेन्सरच्या वायरींना मात्र टेस्ट लॅम्प लावू नका. तिथे जाणकाराचेच काम.

दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत, हे कडक शब्दांत सांगतो. गाडी पकडत नाही म्हणून एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचे नाही. इंजिनाने उलटा भडका मारला तर ओम्नीत तो भडका सीटखाली होतो, कारण इंजिन तिथेच आहे. आणि घरच्या सिलिंडरमधला गॅस गाडीत भरायचा नाही. तो बेकायदा आहे, आणि जीवावरचा आहे. पेट्रोलची वाट तपासताना बिडी-सिगारेट वीस पावले लांब.

आपण मेकॅनिक व्हायचे नाही. त्याची विद्या त्याच्याकडे राहू द्या. पण 'गाडी चालू होत नाही, काय ते बघा' असे सांगणारा गिऱ्हाईक आणि 'ठिणगी निळी आहे, रोटर फिरतो, प्लग कोरडा आहे' असे सांगणारा गिऱ्हाईक यांच्या बिलात फरक पडतो. पहिल्याच्या गाडीवर अंदाजाने भाग बदलले जातात आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे तोच भरतो. दुसऱ्याचा मेकॅनिक थेट पेट्रोलच्या वाटेला लागतो.

म्हणून प्रत्येक गावाने एवढे करावे. दोन तरुणांनी हा क्रम शिकून घ्यावा. गाडीत एक डबा ठेवावा : जादा प्लग, प्लगपाना, टेस्ट लॅम्प, रबरी मुठीची पक्कड, चार फ्यूज, पॉलिश पेपर, कोरडे फडके. एका वहीत तारीख, बिघाड आणि बदललेला भाग लिहून ठेवावा. आणि कोणताही भाग बदलला की जुना भाग परत मागून घ्यावा, तो का बदलला हे विचारावे. कापूस मोजताना काटा आपण डोळ्यांनी पाहतो, तसेच हेही.