पूर्वपक्षही छापा
(दुर्गाघाट, काशी येथील शारदीय व्याख्यानमालेतील भाषण)

करोनाच्या दिवसांत गंगेच्या काठी काय झाले ते तुम्हांला सांगायला नको. मी थेट १३ मे २०२१ वर येतो. त्या दिवशी कोव्हिशील्डच्या दोन डोसांतले अंतर सरकारने बारा ते सोळा आठवडे केले. सल्ला तज्ज्ञांचा, म्हणजे ‘एनटागी’ या राष्ट्रीय सल्लागार गटाचा, असे जाहीर झाले. महिनाभरात त्याच गटातले डॉ. मोहन गुप्ते यांनी रॉयटर्सला सांगितले की आठ ते बारा आठवडे सर्वांना मान्य होते, पुढची वाढ सरकारची. मंत्रालय आणि कार्यगटाचे प्रमुख डॉ. अरोरा म्हणाले, मतभेद नव्हताच. खरे कोण, हा माझा विषय नाही. बारा आठवड्यांच्या अंतराला ब्रिटनमधल्या चाचण्यांचा आधार होता. निर्णय बरोबरही असेल. पण लशीच्या टंचाईच्या महिन्यात कारणे झाकली की लोक टंचाईलाच कारण मानतात. आणि या गटाचे अध्यक्ष कोण? केंद्रीय आरोग्य सचिव. सल्ला मागणाराच सल्लागारांच्या डोक्यावर! (हशा)

हसू नका, पुढची पहिली रांग शास्त्र्यांच्या घरांतली आहे. पूर्वपक्ष न मांडता सिद्धान्त सांगणाऱ्याला या घाटावर कोणी बसू दिले असते का? माझे म्हणणे तेवढेच आहे: तज्ज्ञांतले विरोधी मतही निर्णयासोबत छापा. यावर म्हणतात, विरोधी मत छापले की लसविरोधकांना कोलीत मिळते. मग मुलकोवाल पाहा. १९०२ साली पंजाबातल्या त्या गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली. न्या. जेन्किन्स यांच्या आयोगाने ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे ती लस तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ हाफकिनांवर. गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे साक्षीत होते. पण कागद वर्षानुवर्षे दप्तरात राहिले आणि माणूस निलंबित. अखेर १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिनांवरचा डाग पुसला गेला. लशीची बदनामी कोणी केली? छापण्याने की दडपण्याने? हाफकिनांवर अजून बरेच... (अध्यक्षांची घंटा) बरे, आवरतो.

कोणी विचारील, अमेरिकेची लससल्लागार समिती जाहीर बैठका घेई, मते उघड देई. तरी जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्री केनेडींनी तिचे सतराही सदस्य काढलेच ना? काढले. उघडेपणा म्हणजे चिलखत नव्हे, हे कबूल. पण कोण गेले, त्यांनी कोणत्या पुराव्यावर काय ठरवले होते, हे जगाला आधीच ठाऊक होते, म्हणून लगेच डॉक्टरांच्या संघटना बोलू शकल्या. बंद दाराआडची समिती बदलली असती तर बोलायचे कशावर? आणि कारणे उघड केली तर लोक बिथरतील, ही भीतीही नको. पूर्वांचलाने २००५ चा मेंदूज्वर पाहिला आणि पुढच्या वर्षी जपानी मेंदूज्वराची लस घेतली. इथला माणूस लशीला घाबरत नाही, त्याला कारण हवे असते. आपल्याकडे ‘एनटागी’ची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात, ठीक. ती निर्णयाच्याच दिवशी, विरोधी मत आणि त्याची कारणे यांसह यावीत, आणि सचिवांनी अध्यक्षपद सोडावे. तुमच्या खासदारांना एवढे लिहा.