मावशींचं पत्र

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं भाषण)



आभार मानायला मला पाच मिनिटं दिली आहेत. आभारांची यादी अहवालात छापली आहे. तांदूळ, वह्या, औषधं, ज्यांनी जे दिलं ते तिथे आहे. एक गोष्ट तेवढी त्यात बसली नाही, कारण तिची पावती फाडता येत नाही. आपल्या मंडळीतल्या एका मावशींनी मला पत्र लिहिलं. त्या निवृत्त नर्स आहेत, इथेच बसल्या आहेत आणि "नाव घेतलंस तर उठून जाईन," असं सकाळीच बजावून ठेवलं आहे. म्हणून नुसतं मावशी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कातकरी वाडीचे अकरा वनहक्क दावे एकदम फेटाळले गेले. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन कसत आलं आहे, तिच्यावरचा त्याचा हक्क २००६ चा कायदा मान्य करतो, चार हेक्टरपर्यंत. रायगडात डोंगरउतारावरच्या अशा तुकड्यांना दळी म्हणतात. नाचणी, वरी पिकते, फार नाही. पण दळी नावावर असली तर दिवाळीनंतर उचल घेऊन सगळं घरच्या घर वीटभट्टीवर जात नाही, कुणीतरी मागे राहतं, आणि पोरं शाळेत टिकतात. नकाराचं कारण एका ओळीचं होतं: पुरावा अपुरा.

पुढचे दिवस जड गेले. वाडी गप्प झाली. मंडळीतल्या काहींनीही, प्रेमानेच, विचारलं की कागदांची ही कामं आपली आहेत का, आपण शाळा चालवावी, प्रार्थना करावी. वसतिगृहाचे हिशेब माझ्याकडे द्यावेत असा अर्ज मी लिहून ठेवला होता.

अशात एक दिवस मावशी वाडीवर आल्या. टमटम पाड्याच्या अलीकडे थांबते, पुढे चिखल. दुखऱ्या गुडघ्याने, काठी टेकत आल्या. कुणाचा ताप बघितला, कुणाची जखम बांधली, आणि मी लोकांना नकाराचे कागद वाचून दाखवत होतो तिथे येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. आठवड्याने पोस्टाने पत्र आलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, "तू प्रत्येक कागद दोनदा वाचतोस. दुसऱ्यांदा वाचताना ते तुला चुका सांगतात आणि तू त्या लिहून घेतोस, हे मी पाहिलं. अपिलाला साठ दिवस आहेत म्हणालास. त्यातले एकोणीस गेले. उरलेले मी प्रार्थनेत मोजते, तू कागदावर मोज."

शाबासकी मला पुष्कळ मिळते. देव तुमचं भलं करो, फार मोठं काम करता, असं लोक म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण त्यातल्या बहुतेकांनी काम पाहिलेलं नसतं. मावशींनी पाहिलं, आणि जे पाहिलं तेवढंच लिहिलं. प्रेषितांची कृत्ये वाचताना बर्णबाचं मला हेच आवडतं. सगळे शौलाला भीत होते तेव्हा बर्णबा त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे उभा राहिला. त्याच्याआधी त्याने स्वतःचं शेतही विकलं होतं. धीर देणाऱ्याने आधी स्वतः काहीतरी ओतलेलं असावं लागतं, असं माझं मत आहे. नाहीतर त्याचे शब्द हलके पडतात.

डिप्लोमाच्या वर्षांत मंडळीच्या इतिहासात एक पत्र शिकलो होतो, ते त्या दिवशी आठवलं. २४ फेब्रुवारी १७९१ रोजी जॉन वेस्लीने विल्यम विल्बरफोर्सला ते लिहिलं. वेस्ली ८७ वर्षांचा, विल्बरफोर्स ३१ चा. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत झगडणाऱ्या या तरुणाला म्हाताऱ्याने लिहिलं की देवाने तुला या कामासाठी उभं केलं नसेल तर विरोधाने तू झिजून जाशील, पण देव तुझ्या बाजूचा असेल तर थांबू नकोस. वेस्लीने स्वतः १७७४ मध्येच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. आणि पत्र लिहिलं त्याच सकाळी तो एका आफ्रिकी माणसाने लिहिलेलं वाचत होता. वसाहतींत गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाच्या शपथेला काडीची किंमत नाही, ही गोष्ट त्याला फार लागली आणि त्याने ती पत्रात घातली. सहा दिवसांनी, २ मार्चला, वेस्ली वारला.

एप्रिलमध्ये संसदेत मतदान झालं. बाजूने ८८, विरुद्ध १६३. त्या व्यापारावर बंदी आली १८०७ मध्ये. पत्राने ठराव जिंकून दिला नाही. विल्बरफोर्स मात्र पुन्हा पुन्हा ठराव मांडत राहिला.

काळ्या माणसाच्या शपथेला किंमत नाही, या वाक्यापाशी मी थांबलो होतो. आमच्या वाडीत कागद नाहीत, पण म्हातारी माणसं आहेत. वनहक्काच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन त्यात पुरावा म्हणून धरलं जातं. ते आम्ही घ्यायला बसलो. एका आजीने मोहाचं झाड, ओहोळ आणि कुणाच्या आज्याने रचलेला दगडी बांध एवढ्यावर अख्ख्या दळीची हद्द सांगितली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, बांध तिथेच होता. निवेदनाला जोड म्हणून बांधाची पाहणीही कागदावर आली. मी लिहिलं, दोनदा वाचलं, आजीने दोन चुका काढल्या आणि अंगठा उठवला. मावशी शेजारी बसून शाई पुसत होत्या. अकराही अपिलं मुदतीत जिल्हा समितीकडे गेली.

निकाल अजून नाही. चार दाव्यांची सुनावणी झाली, सात बाकी आहेत. हिशेबाच्या कामाचा अर्ज मी कार्यालयात दिलाच नाही. मावशी, पत्राला उत्तर लिहायचं राहून गेलं होतं, ते आज इतक्या लोकांदेखत देतो: तुमचे उपकार आहेत.

पुढची सुनावणी येत्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. आजी येणार आहेत, मावशीही येते म्हणतात. दोघींनाही टमटम आणि एसटी झेपणार नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि दिवस मोकळा आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं.