आतड्याचा जोड आणि नाडीचा तक्ता



कारखान्याच्या दारात भाषणे करणाऱ्या आमच्यासारख्यांनी आतड्याच्या शस्त्रक्रियेवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण आजारी सोबत्यांच्या खाटेशी रात्री जागवताना आम्ही जे शिकलो, तेवढेच सांगणार आहोत.

आतड्याचा रोगट भाग कापला की उरलेली दोन टोके टाक्यांनी किंवा स्टेपलने जोडतात. जोड गुदाशयाजवळ असेल तर पुष्कळदा ओटीपोटात सलाईन भरतात, खालून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो, तीच ही युक्ती! पण आतडे म्हणजे रबर नव्हे. त्या दिवशी घट्ट असलेला जोड रक्तपुरवठा कमी पडल्यास चार-पाच दिवसांनी सुटू शकतो. कधी माणूस घरी गेल्यावरही. मग मळ पोटात झिरपतो आणि जंतुदोष रक्तात भिनतो.

पोट लाकडासारखे कडक होईपर्यंत थांबलो तर उशीर झालाच. त्याआधी नाडी वाढते, श्वास जलद होतो, लघवी कमी होते, माणूस भ्रमिष्टासारखे बोलतो. ताप येईलच असे नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातील सी. आर. पी. पाहतात. ते कमी असले तर बरीच निश्चिंती. लिटरला 150 मिलिग्रॅमच्या वर असले तर शोध घ्यायला हवा. न्यूमोनियानेही ते चढते, म्हणून पुढे सी. टी. स्कॅन. तोही चकवू शकतो.

आमच्या एका यंत्रमाग कामगाराची नाडी चौथ्या रात्री 92 वरून 120 वर गेली. परिचारिकेने ती तक्त्यावर नीट लिहिली होती. बायको सांगत होती, "ह्यांचं आज काही खरं दिसत नाही." सकाळच्या फेरीत उत्तर मिळाले, "गॅस आहे, चालवा त्यांना." तक्ता खाटेच्या पायथ्याशीच लटकत होता! एकेका डॉक्टरच्या माथी किती खाटा होत्या, तेही आम्ही पाहत होतो. तरीसुद्धा बॉयलरवरचा दाब नुसता लिहून ठेवणाऱ्याला आम्ही माफ केले नसते. सहाव्या दिवशी पोट पुन्हा उघडले. जीव वाचला, पोटावर पिशवी आली.

तेव्हापासून सोबतीला जाणाऱ्याजवळ आम्ही एक वही देतो. नाडी मोजायची, वेळ घालून लिहायची. फेरी आली की भांडायचे नाही, वही पुढे करायची आणि म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, काल 88 होती, आज 116 आहे. एकदा पोट पाहता का?"