पहिला कार्यक्रम, तोच शेवटचा

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला 'मुली आणि सार्वजनिक जागा' हा विषय दिला आहे. रस्ता, बस, संडास याबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत, आणि बोलायलाच हवे. पण एक जागा आपल्या यादीत सहसा येत नाही. ती म्हणजे वाद्य वाजवायचे व्यासपीठ. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरला बँडची स्पर्धा झाली. तिच्यात 'प्रगाश' नावाचा तीन मुलींचा बँड उतरला. काश्मिरीत प्रगाश म्हणजे उजेड. तिघी शाळकरी, पंधरा-सोळा वर्षांच्या. एक गिटार वाजवत गायची, दुसरी बेस गिटारवर, तिसरी ड्रमवर. खोऱ्यातला मुलींचा हा पहिला रॉक बँड. त्यांना शिकवणारे अदनान मट्टू स्वतः तिथल्या एका बँडमध्ये वाजवणारे. लोकांसमोर वाजवण्याची मुलींची ही पहिलीच वेळ होती आणि त्यांना बक्षीसही मिळाले.

पुढचे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. फेसबुकवर आधी टोमणे, मग शिव्या, मग बलात्काराच्या धमक्या. फेब्रुवारी २०१३ च्या पहिल्या आठवड्यात मुफ्ती बशिरुद्दीन यांनी हे गाणेबजावणे इस्लामविरोधी ठरवून मुलींना ते सोडायला सांगितले. तेव्हाचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मुलींना जाहीर पाठिंबा दिला, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काही जणांना अटकही झाली. पण त्याच आठवड्यात मुलींनी बँड बंद केल्याचे जाहीर झाले. लोक खूश नाहीत म्हणून सोडतो, असे त्यांचे म्हणणे वाहिन्यांवर आले. त्याच स्पर्धेत मुलांचे बँडही वाजले होते. त्यांच्यापैकी कुणाला बलात्काराची धमकी आल्याचे ऐकिवात नाही.

आता एक तुलना करते. २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात 'द बँड' नावाच्याच एका प्रसिद्ध बँडने निरोपाचा कार्यक्रम केला. सुमारे पाच हजार प्रेक्षक, आधी सगळ्यांना जेवण, मग नामवंत पाहुण्या कलाकारांबरोबर रात्रभर वादन. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९७८ साली आला. थांबण्यावर त्या पाच पुरुषांचेही एकमत नव्हते. ड्रम वाजवणाऱ्या लेव्हन हेल्म यांना थांबायचे नव्हते आणि त्यांनी पुढे ते उघडपणे सांगितले. म्हणजे तिथेही कुणाच्या तरी मनाविरुद्ध झालेच. पण आपण शेवटचे वाजवतो आहोत हे वाजवताना प्रत्येकाला ठाऊक होते. श्रीनगरच्या मुलींना ते ठाऊक नव्हते. बक्षीस घेऊन त्या घरी गेल्या तेव्हा ही सुरुवात आहे, असेच त्यांना वाटले असणार. निरोप घ्यायला मिळणे हासुद्धा एक हक्क आहे, हे मला या प्रकरणाने पहिल्यांदा जाणवले.

मी विशेष विचार करते तो ड्रमवाल्या मुलीचा. गाणारी घरात गुणगुणू शकते. गिटार दार लावून हळू वाजवता येते. ड्रमला तसे लपता येत नाही, त्याचा आवाज भिंतीपलीकडे, शेजाऱ्याकडे, गल्लीत जाणारच. 'घरात काय ते कर' ही सवलत तिला मिळूच शकत नाही. (ही सवलत किती फसवी असते ते आपण जाणतोच.)

इथे कुणी म्हणेल, 'त्यांच्यात तसेच असते.' मला हे वाक्य ऐकले की धास्ती वाटते. काश्मिरात बायका गात नव्हत्या असे मुळीच नाही. राज बेगम यांचा आवाज १९५४ पासून रेडिओ काश्मीरवरून घराघरांत गेला. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्याकडे? बायकांनी रंगभूमीवर येणे लाजिरवाणे म्हणून पुरुषांनी शालू नेसून स्त्रीभूमिका केल्या आणि आपण त्याचे कौतुक केले. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे सुरू केले तेव्हा बाईने असे चारचौघांत गाणे घरंदाज मानले जात नव्हते.

शिवाय पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२, म्हणजे श्रीनगरच्या स्पर्धेच्या एकच महिना आधी. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ लावले होते. श्रीनगरमध्ये धमक्या देणाऱ्यांवरही पोलिसांनी हेच कलम लावले. एकच कलम, इथे मुलींना गप्प करायला आणि तिथे मुलींना वाचवायला! पालघरच्या प्रकरणानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मला तो निकाल योग्यच वाटतो. 'आक्षेपार्ह' म्हणजे काय हे ठाणेदाराने ठरवायचे, असा कायदा बाईच्या कामाचा नसतो. बलात्काराच्या धमकीसाठी गुन्हेगारी धाकदपटशाचे साधे कलम तेव्हाही होते, आजही आहे. आपण ठाण्यात जातो तेव्हा त्याचा आग्रह धरायचा. 'ऑनलाइनचे आहे, सायबरकडे जा' म्हणून परत पाठवतात, तेव्हा हलायचे नाही.

पण गुन्हा नोंदवून, अटका होऊनही बँड वाचला नाही, हे विसरू नका. मुख्यमंत्री बाजूने, पोलीस बाजूने, देशभरची वर्तमानपत्रे बाजूने, तरी मुली थांबल्या. का? त्यांना राहायचे होते त्याच गल्लीत आणि जायचे होते त्याच शाळेत. वाहिन्यांचे कॅमेरे आठवड्याने उठले. पाठिंबा दिल्लीहून पुष्कळ आला. शेजारच्या घरातून किती आला असेल याची शंकाच आहे.

म्हणून मी शेजारच्या घराबद्दल बोलते. मी काम करते त्या वस्तीतल्या सात-आठ मुली ढोल-ताशा पथकात आहेत. दोन महिने सराव, कमरेला ओझे, हाताला फोड, आणि मिरवणुकीत मान ताठ. आयाबापही हौसेने फोटो काढतात. मग एखादीचे लग्न ठरते. त्या वर्षी ती सरावाला येत नाही. कुणी धमकी दिलेली नसते, फतवा नसतो, 'सासरी बरे दिसणार नाही' एवढेच. पथकातली मुले लग्न झाल्यावरही वाजवतात, बायका त्यांना डबा पोचवतात. मुलीने मागच्या विसर्जनाला वाजवले तेच तिचे शेवटचे, हे ना तिला माहीत असते ना पथकाला. अशी एखादी मुलगी येईनाशी झाली तर तिच्या घरी कोण जाते, असे मी पथकप्रमुखांना विचारले. ते म्हणाले, 'ताई, लग्न ठरलंय ना, मग कसं जायचं?'

गेल्या वर्षीपासून आम्ही जातो. दोघीतिघी मिळून, साखरपुड्याआधी, बोलणी चालू असतानाच. मुलीशी आधी एकटीशी बोलतो. तिला स्वतःलाच थांबायचे असेल तर प्रश्न मिटला. वाजवायचे असेल तर पत्रिका-मानपानाच्या यादीत 'गणपतीत पथकात वाजवणार' ही ओळ घालायला लावतो. आतापर्यंत तीन घरी गेलो. एका घरी चहासुद्धा मिळाला नाही. एकीने स्वतःच नको म्हटले. तिसरी या वर्षी सासरहून येऊन वाजवून गेली, नवरा गर्दीत तिची पर्स धरून उभा होता.